पायाची फाटलेली शिरा: बांधायची की शिवायची?

सुईदोरा

इथल्या बायपासच्या चर्चेच्या धाग्यावर परवा कोणीतरी सहज लिहून गेलं, "धमनी जपायची, शिरेचं काय, बांधून टाकली की झालं." तिथेच उत्तर द्यायला बसले, पण ते लांबत गेलं. त्या धाग्यावर अवांतर नको म्हणून हा वेगळा काढते. मी डॉक्टर नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, सिस्टर म्हणून नोकरी झाली, त्यातला बराच काळ रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशनांना हातात हत्यारं देण्यात गेला. वाचनाची खोड आहे, त्यामुळे सर्जन मंडळी चहाला बसली की "हे आधी कोणी केलं?" असं विचारायची सवय लागली.

"शिरा बांधून टाका" हा सल्ला वेडगळ नव्हता, आजही नाही. मांडीतली किंवा गुडघ्यामागची मोठी शिरा फाटली की काळपट रक्त नुसतं भरून येतं. धमनीसारखी चिळकांडी उडत नाही, त्यामुळे भोक कुठे आहे तेच दिसत नाही. घाईने चिमटा लावावा तर पातळ भिंत आणखी फाटते. भोकाच्या वर आणि खाली बोळ्याने दाबून धरायचं, मग हळूच बोट उचलून बघायचं, असं चालतं. पेशंटचं बीपी पडत असताना हा खेळ कोण करत बसणार? दोरा घातला, गाठ मारली, संपलं.

आता फरक बघा. मोठी धमनी बंद पडली तर पाय काही तासांत गार आणि पांढरा पडतो, बोटं हलेनाशी होतात. हे सगळं सर्जनच्या डोळ्यांदेखत होतं. शिरा बांधली तर बहुतेकदा पाय वाचतो. पेशंट घरी जातो, आणि सूज, जडपणा, घोट्याजवळची काळवंडलेली कातडी, न भरणारी जखम हे सगळं महिन्यांनी, वर्षांनी सुरू होतं. तोवर सर्जनची बदली झालेली असते आणि पेशंट गावी असतो. शिरेच्या वाट्याला इतकी वर्षं उपेक्षा आली ती माझ्या मते एवढ्याचसाठी. बांधल्याचा तोटा बांधणाऱ्याला कधी दिसलाच नाही.

आता इतिहास. १५५२ मध्ये दाँव्हिलेच्या वेढ्यात आम्ब्रोआज पारे या फ्रेंच सर्जनने पाय कापताना रक्तवाहिन्यांना तापलेल्या लोखंडाचा डाग देण्याऐवजी दोऱ्याने बांधलं. तिथून पुढे तीनशे वर्षं बांधणं हाच राजमार्ग. शिरेला बाजूने पडलेलं भोक शिवून तिच्यातला प्रवाह चालू ठेवायचा, हे नीट करून दाखवलं १८८२ मध्ये माक्स शेडे या जर्मन सर्जनने, आणि तेही मांडीतल्या शिरेवर. धमनी टोकाला टोक जोडून शिवण्याचं जॉन मर्फीचं शिकागोतलं प्रसिद्ध ऑपरेशन १८९६ चं. म्हणजे शिरा खरं तर पुढे होती! मग मागे कशी पडली?

मध्ये एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २४ जून १८९४ ला फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांना लियोंमध्ये भोसकलं. जखम यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला झाली होती. गावातले नामांकित सर्जन जमले, पण ती शिवायची कशी हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि अध्यक्ष त्याच रात्री गेले. आलेक्सी कारेल हा विशी-एकविशीतला वैद्यकीचा विद्यार्थी तेव्हा तिथेच होता. कापड शिवता येतं तर रक्तवाहिनी का नाही, हे त्याच्या डोक्यात बसलं. तो लियोंच्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे, मादाम लरूदिए यांच्याकडे, बारीक टाके शिकायला गेला. त्याची १९०२ मध्ये छापलेली युक्ती आजही वापरतात. गोल तोंडाला तीन ठिकाणी टाके घेऊन ते ताणायचे, म्हणजे गोलाचा त्रिकोण होतो आणि तीन सरळ कडा शिवता येतात. सुई अत्यंत बारीक, रेशमाला व्हॅसलीन चोळलेलं. १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

तंत्र हाताशी आलं आणि पहिलं महायुद्ध सुरू झालं. चिखल, सडलेल्या जखमा, प्रतिजैविकं नाहीत, जखमी माणूस टेबलावर येईपर्यंत दिवस उलटलेला. शिवलेलं टिकणार कसं? बांधणं परत आलं. एवढंच नाही, सर जॉर्ज मेकिन्स या मोठ्या ब्रिटिश सर्जनने मांडलं की धमनी बांधावी लागली तर शेजारची चांगली शिराही बांधून टाका. तर्क असा की आत येणारं रक्त कमी झालंच आहे, तर बाहेर जाणारंही अडवा, म्हणजे आहे ते पायात जास्त वेळ राहील. त्याचं या विषयावरचं पुस्तक १९१९ चं. हा विचार पुढे बराच काळ टिकला. त्यात १९३४ मध्ये बॉस्टनचे सर्जन जॉन होमन्स यांनी गुठळी फुप्फुसात जाऊ नये म्हणून मांडीतली शिरा बांधावी असं सुचवलं. तेव्हा रक्त गोठू न देणारं हेपारिन हे औषध माणसांवर वापरात यायचं होतं, त्यामुळे तेही समजण्यासारखं आहे. पण शिरा बांधणं हा जणू उपचारच झाला.

दुसऱ्या महायुद्धातल्या २,४७१ धमनी-जखमांचा हिशेब डिबेकी आणि सिमिओनी या अमेरिकन सर्जनांनी १९४६ मध्ये मांडला. दुरुस्ती झाली फक्त ८१ जणांची. धमनी बांधलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचे अवयव कापावे लागले. कोरियाच्या युद्धात तरुण सर्जनांनी धमन्या शिवायला सुरुवात केली आणि ते प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आलं. सगळा जयजयकार धमनीचा. शिरेची पाळी व्हिएतनामच्या युद्धात आली. ते पुढच्या प्रतिसादात लिहिते, कुकर लावायचाय.

टवाळखोर

मादाम लरूदिएंना अर्धं नोबेल द्यायला हवं होतं. आमच्या आईने घरभर टाके घालून ठेवलेत, तिला हा धागा दाखवतो.

रानवारा

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. कुकर उतरला की लिहा.

(कारेल पुढे सुप्रजननाच्या, म्हणजे 'चांगल्या' वंशाचीच माणसं वाढवायच्या, भलत्या कल्पनांच्या नादी लागला, तेही नोंदवून ठेवावं. हात सोन्याचे, डोकं नेहमीच तसं असेल असं नाही.)

वैद्यबुवा

उत्तम धागा. सुरुवात थेट १५५२ पासून केलीत म्हणून थोडी भर. सुश्रुतसंहितेत रक्त थांबवण्याचे चार उपाय आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट द्रव्याने जखम सांधायची, गारव्याने रक्त गोठवायचं, भस्म लावायचं, आणि डाग देऊन सिरा आकसवायची. शारीरस्थानात एकेका पायातल्या चार सिरा अशा सांगितल्यात की त्यांना शस्त्र लावायचं नाही: एक जालधरा, दोन उर्वी आणि एक लोहिताक्ष. शिवाय मांडीच्या मधल्या उर्वी मर्माला इजा झाली तर रक्तक्षयाने पाय सुकतो असं म्हटलंय. मांडीतल्या मोठ्या वाहिन्यांचा धोका माहीत होता हे उघड आहे.

सिरा शिवली असा दावा मी करत नाहीये, त्यामुळे नेहमीच्या मंडळींनी धावून येऊ नये.

सुईदोरा

वैद्यबुवा, मस्त. दहनात "सिरा आकसते" हे निरीक्षण किती नेमकं आहे! ओटीतलं डायथर्मीचं, म्हणजे विजेने डाग देणारं, यंत्र बारीक वाहिन्यांच्या बाबतीत तेच करतं.

तर व्हिएतनाम. नॉर्मन रिच हा तरुण अमेरिकन लष्करी सर्जन १९६५-६६ मध्ये आन खे इथल्या रुग्णालयात होता. हेलिकॉप्टरमुळे जखमी माणूस लवकर टेबलावर यायला लागला होता. परत गेल्यावर रिचने १९६६ मध्ये वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात व्हिएतनामच्या रक्तवाहिनी-जखमांची नोंदवही सुरू केली. कोणाला कुठे लागलं, काय केलं, आणि मुख्य म्हणजे पुढे त्याचं काय झालं. पेशंट घरी गेल्यावर वर्षानुवर्षं त्याच्या मागावर राहायचं. कंटाळवाणं, कारकुनी काम. पण शिरा बांधण्याची किंमत पहिल्यांदा दिसली ती या कागदांतून.

सुरुवातीच्या हिशेबात कळलं की शिरेच्या जखमांपैकी जेमतेम एक तृतीयांश दुरुस्त झाल्या होत्या. बाकी बांधलेल्या. मग १९७६ मध्ये रिच आणि सहकाऱ्यांनी नेमका गट निवडला: गुडघ्यामागची शिरा फाटलेली, पण शेजारची धमनी शाबूत, असे ११० जण. साधारण निम्म्यांची शिरा बांधलेली, निम्म्यांची शिवलेली. बांधलेल्यांत पायाला लक्षणीय सूज ५१ टक्क्यांना, शिवलेल्यांत १३ टक्क्यांना.

हीच शिरा का, तर पोटरीतलं बहुतेक सगळं रक्त गुडघ्याच्या लवणीतून या एकाच वाटेने वर जातं. मोरी तुंबलेली असताना नळ सोडून काय उपयोग? धमनी कितीही सुरेख शिवा, पुढे वाट नसेल तर पोटरीतला दाब वाढतो, स्नायू सुजतात आणि शिवलेली धमनीसुद्धा बंद पडू शकते. रॉबर्ट हॉब्सन वगैरे मंडळींनी वॉल्टर रीडमध्येच कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की मांडीची शिरा बांधली की धमनीतून येणारा प्रवाहही घटतो. मेकिन्सच्या तर्काच्या बरोबर उलट.

शंकासुर

ताई, लेख आवडला पण एक पटलं नाही. शिरेत रक्त संथ असतं. शिवलेल्या जागी गुठळी होणारच. ती सुटून फुप्फुसात गेली म्हणजे? सुजलेला पाय परवडला, माणूस तर राहतो.

सुईदोरा

शंकासुर, हीच भीती सर्जनांनाही होती, आणि अर्धी खरी आहे. गुठळी होते. शिकागोच्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये शिवलेल्या शिरांचे आठवड्याभराने रंगद्रव्य सोडून फोटो काढले, तर ३९ टक्के बंद पडलेल्या. नुसतं भोक शिवलं असेल तर २१ टक्के, मध्ये दुसरा तुकडा जोडला असेल तर ५९ टक्के. आकडा दचकवणारा आहे, मान्य.

पण फुप्फुसात गुठळी जाण्याचं प्रमाण शिवल्यामुळे वाढतं, असं रिचच्या ११० जणांत दिसलं नाही. इराक-अफगाणिस्तानातल्या शंभरावर शिरा-जखमांच्या हिशेबातही बांधलेल्या आणि शिवलेल्या गटांत तो फरक नव्हता. शिवाय बंद पडलेल्या शिरांपैकी बऱ्याच पुढे हळूहळू पुन्हा उघडतात. बांधलेली कधीच उघडत नाही. आणि पहिले काही दिवस, धमनी सावरत असताना, वाट मोकळी राहिली तरी तेवढ्याने पायाला फायदा होतो, असं आमचे सर म्हणायचे.

आता तुमच्या बाजूचंही सांगते. डेट्रॉईटच्या सर्जनांनी १९८० मध्ये लिहिलं की शहरातल्या गोळीबाराच्या, सुऱ्याच्या जखमांत शिरा बांधली तरी पेशंट बरे राहतात, फक्त पाय नीट उंच ठेवा आणि गरज पडली तर पोटरीच्या स्नायूंभोवतीची घट्ट आवरणं वेळेवर चिरून उघडा. दोन्ही बाजू खोटं बोलत नाहीयेत. युद्धातल्या जखमेत आजूबाजूचं मांस, बारीक पर्यायी शिरा सगळंच गेलेलं असतं. सुऱ्याच्या जखमेत ते शाबूत असतं. वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटायला लागणारा लांबचा पाठपुरावा आजही फार थोड्या ठिकाणी होतो.

हाडमोड्या

अस्थिरोग सर्जन इथे. ताईंनी ओटीच्या टेबलाच्या त्या बाजूने लिहिलंय, मी या बाजूने लिहितो.

आमच्याकडे गोळीबार नाही, दुचाकी आहे. गुडघा निखळतो किंवा त्याच्या जवळचं हाड मोडतं आणि मागच्या दोन्ही वाहिन्या ताणून फाटतात. भांडण नेहमीचं: आधी हाड की आधी वाहिनी? हाड हलतंय तोवर बारीक टाके टिकणार नाहीत. पण हाड बसवायला दोन तास घेतले तर पोटरी मरते. रक्त तुटल्यापासून साधारण सहा तासांचा हिशेब असतो, त्यातले चार बहुधा रस्त्यात आणि रेफर करण्यात गेलेले.

यावरचा तोडगा म्हणजे शंट. प्लास्टिकची छोटी नळी, एक टोक वरच्या भागात, एक खालच्या. रक्त चालू करायचं, हाड पक्कं करायचं, मग नळी काढून निवांत शिवायचं. धमनीत घालतातच, पण शिरेतही घालता येते हे फार लोकांना माहीत नसतं.

आणखी एक बारकावा. मध्ये जोडायला तुकडा घ्यायचा तो दुसऱ्या पायाच्या वरवरच्या शिरेतून. जखमी पायाची आतली शिरा गेलेली असताना वरवरची हीच तर उरलेली वाट, ती कशी काढणार? आणि धमनीसाठी तो तुकडा उलटा करून बसवतात, कारण आतल्या झडपा उलट्या दिशेने रक्त जाऊ देत नाहीत. शिरेसाठी सुलटाच ठेवायचा. रात्री तीन वाजता, सवयीने, तो उलटा बसू नये म्हणून एका टोकाला खुणेचा टाका घालून ठेवतात.

सुईदोरा

हाडमोड्या, तो खुणेचा टाका! आम्हाला "याला हात लावायचा नाही" अशी तंबीच असायची. आणि तुकडा अरुंद पडला की तो उभा चिरून, नळीवर फेटा गुंडाळावा तसा तिरका फिरवून, कडेला कड शिवून रुंद नळी करतात. बघायला सुंदर, पण वेळ इतका खातं की भूल देणारे डॉक्टर घड्याळाकडे बघत सुस्कारे सोडतात. जिवाशी गाठ असेल तर कोणी त्या भानगडीत पडत नाही, आणि पडूही नये.

माड_पोफळी

शंटचा विषय निघालाच आहे तर आमच्या गोंयकाराचं नाव आलंच पाहिजे. आयरेस बारोस डिसा. आईवडील गोव्याचे, जन्म १९३९ चा नैरोबीत, शिक्षण बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात, आणि नंतर तिथल्याच रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात रक्तवाहिन्यांचे सर्जन. उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार ऐन भरात असतानाचा तो काळ. तिथे शिक्षा म्हणून माणसाच्या गुडघ्यात गोळी घालायची पद्धत होती. म्हणजे हाड, धमनी आणि शिरा एकाच वेळी. डिसांनी १९७९ च्या सुमारास अशा जखमांत धमनी आणि शिरा दोन्हींत शंट घालून मग हाड बसवायची शिस्त लावली. पाय कापण्याचं प्रमाण घटलं, पोटरी उघडी करावी लागण्याचंही. २००७ मध्ये वारले. आमच्या घरी त्यांचं नाव निघतं ते कोणाच्या तरी लांबच्या सोयरिकीमुळे. सर्जरीत त्यांनी काय केलं हे मला पुष्कळ उशिरा वाचून कळलं.

हाडमोड्या

अरे वा, बेलफास्टची पद्धत म्हणून शिकलो होतो, माणूस गोव्याकडचा हे ठाऊक नव्हतं. पुढे इराकमध्ये बलाडच्या अमेरिकन लष्करी रुग्णालयात शंट सर्रास वापरले. आघाडीजवळ नळी घालायची, हेलिकॉप्टरने मागे पाठवायचं, तिथे शिवायचं. मांडीतल्या मोठ्या वाहिन्यांतल्या नळ्या बहुतेक चालू राहिल्या, घोट्याकडच्या बारीक वाहिन्यांतल्या बहुतेक बंद पडल्या.

चिंगी

मी फिजिओथेरपिस्ट. वरच्या सगळ्यांच्या हातून पाय सुटला की माझ्याकडे येतो :) शिरा बांधलेल्या माणसाला कोणी "संध्याकाळी पाय सुजेल" असं आधी सांगितलेलंच नसतं. तो सूज आली की घाबरतो आणि चालणं बंद करतो. पोटरीचा स्नायू आवळला की रक्त वर ढकललं जातं, म्हणून चालणं बंद केलं की सूज वाढते. मग आणखी घाबरतो.

एसटी_प्रेमी

पहिल्यांदाच लिहितोय, नुसता वाचक आहे. चिंगीताईंचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. काही वर्षांपूर्वी मोटारसायकल घसरून मांडीत पत्रा घुसला होता. तालुक्याच्या ठिकाणी रात्रीच ऑपरेशन झालं, रक्त बरंच गेलं होतं, आठ बाटल्या लावल्या. पाय वाचला, डॉक्टर देवमाणूस. पण तेव्हापासून संध्याकाळी पाय जड होतो, मोज्याचा वळ उमटतो, आणि आता घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी तपकिरी व्हायला लागलीय. मला वाटलं उभ्याच्या नोकरीमुळे असेल. हे शिरेचं असू शकतं का? परत दाखवायला काही गेलो नव्हतो, पाय चालत होता ना.

सुईदोरा

दादा, असू शकतं. आणि तुमच्या डॉक्टरांनी शिरा बांधली असेल तर त्या रात्री तेच बरोबर होतं, एवढं रक्त गेल्यावर कोणीही तेच केलं असतं. पण कातडीचा रंग बदलतोय म्हणजे आता थांबू नका. ती जागा फुटली तर भरायला महिने लागतात. रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखवा, ते पायाचा कलर डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करतील. दाबाचे लांब मोजे बहुधा देतीलच, पण मनाने दुकानातून आणू नका, आधी धमनीचा प्रवाह ठीक आहे ना ते बघावं लागतं. जाताना जुनं डिस्चार्ज कार्ड न्या.

चिंगी

आणि चालत राहा. बसल्या जागी टाचा वरखाली करा. रात्री पलंगाच्या पायथ्याखाली विटा.

एसटी_प्रेमी

आभारी आहे सगळ्यांचा. कार्ड बायकोने शोधून काढलं. त्यावर "रक्तवाहिनी बांधली" इतकंच लिहिलंय. कोणती, ते नाही.

हाडमोड्या

लिहिणारा रजिस्ट्रार, म्हणजे ज्युनियर डॉक्टर, तिसऱ्या रात्रीच्या ड्युटीवर असणार. कार्ड तरी न्याच, पण कोणती बांधलीय ते डॉप्लरमध्ये दिसेल. आणि यावेळी रिपोर्टची झेरॉक्स काढून ठेवा.